सर, फॉर्म कधी सुटणार?

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की वीस-पंचवीस किलोमीटरवर, घाट चढून आल्यावर मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर महामार्ग आणि नगरकडून लातूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चौकात कायम गाड्यांची वर्दळ असते. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणारेही इथेच वळतात. या चौकातून पूर्वेला निघालेला रस्ता नेकनूर, केज, अंबाजोगाई करत लातूरला पोचतो. दहावीच्या निकालानंतर गादी, पेटी आणि धान्याचे पोते घेऊन कोणत्या गावची मुले त्या रस्त्याला लागली, हे इथल्या कुणालाही विचारावे लागत नाही. पण बाकीचे तीन रस्तेही नामांकित संस्थांपर्यंतच जातात. उत्तरेला छत्रपती संभाजीनगर आहे. तिथे २०१७ साली महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. पश्चिमेला पाटोदा, जामखेड, नगर करत पुणे गाठता येते, जिथे २००६ पासून आयसर ही विज्ञानसंस्था आहे. दक्षिणेला तुळजापूर. भवानीच्या दर्शनाला कधीच गेले नाही असे घर या पट्ट्यात शोधून सापडायचे नाही. त्याच तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे आणि देशभरातली मुले तिथे निवडून घेतली जातात, हे ठाऊक असलेले घर मात्र खरोखरच शोधावे लागेल.

चारपैकी एकच रस्ता गावाला पाठ आहे, याचे कारण मुलांच्या कुवतीत शोधण्यात अर्थ नाही. लातूरचा रस्ता सांगणारे लोक आहेत, म्हणून तो माहीत आहे. ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला तो आधी महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या बळावर. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमध्ये प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सराव परीक्षा घेतल्या, चुकलेल्या प्रश्नांची उजळणी करून घेतली. क्लासचा बाजार त्यावर नंतर चढला. आज अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलाला पुढे काय करायचे हे कुणी न सांगताही कळते, कारण सगळी व्यवस्था नीट आणि जेईई या दोन परीक्षांभोवती बांधलेली आहे. कला शाखेतल्या मुलीला, गणित आवडते पण अभियांत्रिकी नको असलेल्या मुलाला, कायदा किंवा अर्थशास्त्र शिकू पाहणाऱ्याला सांगणारे कुणी नाही. जिथे हजारांमधून मोजकेच घेतले जातात अशा विद्यापीठांत खेड्यातली मुले पोचायची असतील, तर पैसा आणि श्रम आधी शाळेतल्या आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकावर खर्च करायला हवेत, असे माझे म्हणणे आहे. मुलांसाठी मेळावे, पुस्तिका, पोर्टल हे सगळे त्यानंतर.

हे काम आपल्या शिक्षकांना जमते याचा पुरावा बाहेरून आणायला नको. चौथी-सातवीची, मधली काही वर्षे पाचवी-आठवीची झालेली शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत तिच्यासाठी सकाळी लवकर वर्ग भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका जपून ठेवल्या जातात, गुणवत्ता यादीत मूल आले की गावात फलक लागतो. नवोदयचे तसेच. बीड जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय गेवराई तालुक्यात गढीला आहे. वर्षाला फार तर ऐंशी जागा, त्यातल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी, आणि अर्ज करणारे हजारोंनी. निवड किती कठोर म्हणावी! तरी पाचवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या गुरुजींना फॉर्म कधी सुटतो, कोणता दाखला लागतो, बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्यांचे प्रश्न कसे येतात हे सगळे तोंडपाठ असते. एखादे हुशार पोर दिसले की ते स्वतः बापाच्या मागे लागतात. आठवीला एनएमएमएस परीक्षा येते, तिच्यात वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, म्हणून तिथेही शिक्षक जागे असतात. ही सगळी कारागिरी दहावीनंतर एकदम थांबते. मूल अकरा वर्षांचे असताना त्याला निवडीच्या परीक्षेला बसवणारी शाळा आहे; ते सतरा वर्षांचे झाल्यावर त्याला विचारणारे कुणी राहत नाही. खरे तर अर्ज भरण्याची भानगड तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

भानगड किती, ते एका उदाहरणावरून बघू. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, सगळी तिच्यात आली. त्याआधी दिल्लीतल्या महाविद्यालयांची यादी बारावीच्या टक्क्यांवर लागे आणि २०२१ मध्ये काही अभ्यासक्रमांचा कटऑफ शंभर टक्क्यांवर गेला होता. राज्य मंडळाच्या मुलाने तिकडे बघायचेच नाही अशी स्थिती होती. सीयूईटीमुळे दार उघडले, आणि तेरा भाषांत मराठीही असल्याने ते आपल्या मुलांसाठी उघडले असे कागदावर तरी दिसते. आता केजच्या किंवा नेकनूरच्या कला शाखेतली एक मुलगी इतिहास विषय घेऊन बसते असे धरू. तिच्या बारावीच्या बालभारतीच्या पुस्तकात युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, मराठ्यांनी वसाहतवाद्यांशी केलेला संघर्ष, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध हे आहे. सीयूईटीचा पेपर निघतो एनसीईआरटीच्या बारावीवरून, आणि ते पुस्तक हडप्पापासून सुरू होऊन संविधाननिर्मितीपर्यंत येते. म्हणजे वर्षभर मन लावून केलेल्या अभ्यासातले फारच थोडे परीक्षेत उपयोगी पडणार. त्यातून एनसीईआरटीची ही पुस्तके इंग्रजी, हिंदी, उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. पेपर मराठीत, पुस्तक परभाषेत. ही गोष्ट जूनमध्ये कळली तर सहा-आठ महिन्यांत उपाय करता येतो. मार्चमध्ये कळली तर काहीच करता येत नाही. ती जूनमध्ये सांगू शकेल असा एकच माणूस तिच्या रोजच्या आयुष्यात आहे, तो म्हणजे इतिहासाचा शिक्षक. त्यालाच माहीत नसेल तर मुलीला कळण्याचा मार्ग खुंटला. भाषेचा असाच सापळा इतर ठिकाणीही आहे. जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, पण तिच्या पुढची जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. विधी विद्यापीठांची क्लॅट २००८ मध्ये सुरू झाल्यापासून इंग्रजीतच आहे आणि आता तर सगळे प्रश्न लांब इंग्रजी उताऱ्यांवर असतात. क्लॅट डिसेंबरच्या सुरुवातीला होते, तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. बारावीच्या बोर्डाची परीक्षा देताना ‘वकील व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलाची गाडी तोवर सुटलेली असते.

बीड जिल्ह्यात या तारखांना आणखी एक पीळ आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जेईई, सीयूईटी, खाजगी विद्यापीठांचे अर्ज, यांची खिडकी बहुतेक याच महिन्यांत उघडते आणि बंद होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, जातीच्या दाखल्याला वडिलांची कागदपत्रे लागतात, आणि वडील तिकडे फडात असतात. त्यात राज्य आणि केंद्र यांच्या याद्या वेगळ्या. वंजारी समाजातला मुलगा राज्यात एनटी-डी असतो, केंद्राच्या विद्यापीठात तो ओबीसी म्हणून अर्ज करतो आणि त्याला केंद्राच्या नमुन्यातले, त्या वर्षाचे नॉन-क्रिमीलेअर लागते. बंजारा मुलगी राज्यात विमुक्त जातींत मोडते, केंद्रात तीही ओबीसी. मराठा मुलाकडे एसईबीसीचा दाखला असेल, पण केंद्रीय संस्थेच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. तिथे निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. सेतू केंद्रातला मुलगा जो नमुना मागाल तो काढून देतो. कोणता मागायचा हे सांगणे त्याचे काम नाही. चांगले गुण मिळूनही चुकीच्या नमुन्यापायी आरक्षणाची जागा हुकणे, हा निवडीतला पराभव म्हणता येणार नाही, कारण निवडीपर्यंत प्रकरण गेलेलेच नसते. सप्टेंबरमध्ये, टोळ्या निघायच्या आधी, बारावीच्या मुलांच्या पालकांना एकदा शाळेत बोलावून कागदपत्रांची फाइल तयार करून घेणे, एवढे एक काम झाले तरी यातले बरेचसे टळेल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. त्या वसतिगृहांतले गृहपालही या कामात घेता येतील. मुलींच्या बाबतीत तर घाई अधिकच आहे. बालविवाहाचे प्रमाण राज्यात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांमध्ये बीड मोडते. बारावीच्या वर्षी मुलीचे पुढचे काहीतरी ठरलेले असणे, हातात एखाद्या विद्यापीठाचे हॉल तिकीट असणे, ही घरातल्या वाटाघाटीत तिच्या बाजूने पडणारी गोष्ट असते.

शिक्षकालाच करता येईल आणि दुसऱ्या कुणालाच करता येणार नाही असे एक काम आहे, ते म्हणजे शिफारसपत्र. परदेशी विद्यापीठे ते मागतात, आपल्याकडच्याही काही संस्था आणि बऱ्याच शिष्यवृत्त्या मागतात. आपल्या शाळांत पत्राचा एकच साचा चालत आला आहे: सदर विद्यार्थी हुशार, होतकरू व मनमिळाऊ असून त्याची वर्तणूक चांगली आहे, त्यास पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. खाली जावक क्रमांक आणि गोल शिक्का. यात खोटे काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागतही नाही, कारण शंभर मुलांना हेच लागू पडते. निवड करणाऱ्याला हवे असते ते असे की, या मुलाने भूगोलाच्या प्रकल्पात गावातल्या विहिरींची पाणीपातळी चार महिने दर आठवड्याला मोजली, दोन विहिरींचे आकडे जुळेनात तेव्हा आकडे न बदलता कारण शोधले, आणि हे करताना दुपारनंतर तो शेळ्याही सांभाळत होता. हे पाच-सहा ओळींत मावते. लिहायला इंग्रजीचा थाट लागत नाही, मुलाकडे नीट पाहिलेले असावे लागते. आणि पाहिलेले बहुतेक शिक्षकांनी असतेच. ते लिहायचे असते हे कुणी सांगितलेले नसते. ब्रिटनमध्ये पदवी प्रवेशाचे बहुतेक अर्ज यूसीएएस या एका संस्थेमार्फत जातात. तिने २०२४ च्या प्रवेशांपासून शिक्षकांच्या पत्राचे तीन ठरावीक भाग करून दिले: शाळेची एकंदर परिस्थिती, मुलाच्या अभ्यासावर परिणाम करणारी काही अडचण असल्यास ती, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखे आणखी काही. घरची परिस्थिती सांगणे म्हणजे दयेची याचना, असा संकोच आपल्याकडे असतो. तिथे तो रकानाच छापलेला आहे.

नीट पाहणारा शिक्षक काय करू शकतो याचे महाराष्ट्रातले सगळ्यांत मोठे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते या अंगाने क्वचित सांगितले जाते. भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे पेशाने शिक्षक, बुद्धचरित्राचे लेखक. त्यांनी या मुलाला हेरले, पुस्तके दिली, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात आपले बुद्धचरित्र भेट दिले. पण केळुसकर कौतुक करून थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत असे दिसल्यावर त्यांनी त्याला सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला जाताना तिथले प्राध्यापक सेलिगमन यांची परिचयपत्रे त्यांच्यासोबत होती. अलौकिक बुद्धी आणि श्रम त्यांचेच होते. पण मुंबईतल्या चाळीतून न्यूयॉर्कपर्यंतच्या वाटेवर नेमक्या वळणांना कुणीतरी लिहून देणारा, नेऊन भेटवणारा होता, आणि त्यातला पहिला शाळामास्तर होता. मुलाला हेरणे, पैसे आणि माहिती असलेल्याशी गाठ घालून देणे, आणि आपल्या नावानिशी त्याच्या पाठीशी उभे राहणे, ही तिन्ही कामे आजही तीच आहेत. केळुसकर भाग्याने भेटतात. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एक असावा यासाठी मात्र व्यवस्था लागते.

आता आक्षेप. पहिला असा की ही सगळी माहिती मोबाइलवर आहे, शिक्षक मध्ये कशाला? यावर अमेरिकेत बरेच काम झाले आहे. कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की गरीब घरांतली अत्यंत हुशार मुले मोठ्या संख्येने निवडक विद्यापीठांना अर्जच करत नाहीत. अर्ज न करणारी ही मुले विखुरलेल्या भागांत राहतात आणि तशा विद्यापीठात शिकलेला शिक्षक किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी त्यांना भेटण्याची शक्यता कमी असते. मग टपालाने माहिती पाठवण्याचा प्रयोग झाला, सुरुवातीला यशस्वीही ठरला. पण कॉलेज बोर्ड या तिथल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने तसलीच मोहीम देशभर राबवली तेव्हा फरक जवळजवळ दिसला नाही. उलट मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना नावानिशी कळवले की प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी आम्ही घेणार नाही, आणि हे पालकांना व मुख्याध्यापकांनाही कळवले. यातल्या बहुतेकांना ती सवलत एरवीही मिळालीच असती. तरीही अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ वरून ६८ टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. यातून शिक्षकच हवा असे थेट सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मोघम माहितीने हलत नाही तो माणूस नेमक्या, खात्रीच्या आणि आपल्या नावाने आलेल्या शब्दाने हलतो, एवढे दिसते. आपल्याकडे असा शब्द देऊ शकणारा माणूस म्हणजे शिक्षक. आपला अनुभवही वेगळा नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी झाली, २०२० मध्ये महाकरिअर पोर्टल आले. हेतू चांगलाच होता. पण कल कळल्यावर किंवा पोर्टलवर अभ्यासक्रम सापडल्यावर ‘मग आता काय करू’ हे विचारायला वर्गात कुणी नेमलेले नव्हते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा स्वतःचा आहे, आणि तो रास्त आहे. जनगणना, निवडणूक, मतदार याद्या, रोजचे ऑनलाइन अहवाल. त्यात हे आणखी एक? म्हणूनच हे काम सगळ्यांच्या गळ्यात मारू नये. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाकडे ते द्यावे, त्याच्या आठवड्याच्या तासिका कमी कराव्यात आणि कामाची नोंद सेवापुस्तकात व्हावी. बिनपगारी परोपकारावर चाललेल्या गोष्टी बदली झाली की संपतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो: शिक्षकाच्या हाती किल्ली दिली तर तो ती आपल्या जातीच्या, आपल्या पाव्हण्यारावळ्यांच्या मुलांसाठी फिरवणार नाही कशावरून? गावात राहणाऱ्याला ही शंका हास्यास्पद वाटणार नाही. आज माहिती कुणालाच नाही म्हणून समानता आहे असे मात्र समजू नये. ज्यांचे मामा-काका पुण्यात आहेत त्यांना ती मिळतेच. उपाय असा की कुणाला सांगायचे हे शिक्षकाच्या मर्जीवर ठेवू नये. दहावीत ठरावीक गुणांच्या वरची सगळी मुले आणि अकरावीत स्वतःहून नाव देणारा प्रत्येक जण, अशी यादी फळ्यावर लागावी, आणि पालकांची बैठक ग्रामसभेसारखी जाहीर व्हावी. ‘एवढ्या मोठ्या संस्थांत जाणार किती, बाकीच्यांचे काय’ या प्रश्नाचेही उत्तर इथेच मिळते. दाखल्याची फाइल, विषयांची निवड, शिष्यवृत्तीच्या तारखा हे बीडच्या महाविद्यालयात जाणाऱ्यालाही तितकेच लागते. हुशार मुले गाव सोडून जातील अशी काळजीही काही जण व्यक्त करतात. ज्या गावांतून दरवर्षी अर्धी घरे सहा महिने बाहेर जातात, तिथे ही काळजी नेमक्या पदवीच्या वेळीच का आठवते, कळत नाही.

याला नवी संस्था उभारायची गरज नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईला आहेच. जूनमध्ये अकरा तालुक्यांतल्या नेमलेल्या शिक्षकांचे दोन दिवस घ्यावेत: एक परीक्षा आणि विषयांच्या जुळणीसाठी, एक दाखले आणि शिष्यवृत्त्यांसाठी. सप्टेंबरमध्ये आणखी एक दिवस फक्त पत्रे आणि निबंध लिहून बघण्यासाठी. शिकवायला तुळजापूरचे, संभाजीनगरचे, पुण्याचे प्राध्यापक आणि तिथे पोचलेली आपल्याकडची मुले बोलावता येतील. बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसोबत काही वर्षे हेच काम करते आहे, त्यांची मदत मागता येईल. उरतो विद्यापीठांचा वाटा. महाराष्ट्राच्या भूमीवर उभ्या असलेल्या संस्थांनी शिक्षकांचे शिफारसपत्र मराठीत स्वीकारावे. इंग्रजीत लिहायचे म्हटले की नेकनूरचा शिक्षक पुन्हा ‘होतकरू व मनमिळाऊ’कडे वळतो किंवा बाजारातून तयार मजकूर घेतो, मराठीत तो विहिरींच्या नोंदवहीबद्दल लिहील. मुंबईत, पुण्यात, तुळजापुरात बसलेल्या निवड समितीत मराठी वाचणारे कुणी नाही, असे तर कुणी म्हणणार नाही.